ईसीजी यांचा काढायचा होता

त्या दिवशी आम्ही धंतोलीला डॉक्टरांकडे गेलो ते माझ्या नवऱ्याच्या हृदयासाठी. दर सहा महिन्यांनी त्यांचा ईसीजी काढायचा असे. मी नेहमीसारखी सोबत होते. हातात त्यांची फाईल, पिशवीत पाण्याचा थर्मास आणि एका चिठ्ठीवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. जवसाची चटणी चालेल का, भाकरीवर बोटभर लोणी चालेल का, असले. घरी परत गेले ते एकटेच. मी गेले तीन आठवड्यांनी.

हे लिहिताना अजूनही वाटतं की मी दुसऱ्याच कोणाची तरी हकिगत सांगते आहे. बरी होऊन चार वर्षं झाली, तरी तो धक्का पुरता उतरलेला नाही. पण गोकुळपेठेतल्या ओळखीच्या बायका भाजीबाजारात भेटल्या की बाजूला घेऊन विचारतात, "तुम्हाला नेमकं काय झालं होतं वं?" प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून बसून लिहिते.

यांचं पथ्य

हे हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. एकच मुलगी, चारू, तेव्हा दहावीत जाणारी. त्या घटनेच्या दोन वर्षं आधी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली आणि यांचं ब्लडप्रेशर बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, सिगरेट बंद, तूप बंद, मीठ कमी, रोज तासभर चालणं. ऐकलं नाही तर काय होतं तेही त्यांनी सांगितलं.

मी घाबरले आणि कंबर कसली. त्याच दिवशी यांची सिगरेटची पाकिटं घरामागच्या गटारात फेकली. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू वळणावर आले. वरण मीठ न घालता वेगळं काढायचं, दुधावरची साय काढून यांना पातळ दूध द्यायचं, गोळाभातावर ओतायचं कढवलेलं तेल यांच्या ताटाला लागू द्यायचं नाही. सकाळी पाच वाजता उठवून यांना अंबाझरी तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालायला पाठवायचं. कारखान्याची बस सात वाजता येई, तोवर डबा तयार हवा. म्हणून मी घरीच. यांनी चालावं म्हणून मी चालत नव्हते.

काढलेली साय कुठे जायची? टाकवत नसे. पोळीवर साखर घालून मी खायची. सणाला वडे केले आणि यांनी एकच खाल्ला, तर उरलेले माझ्या डब्यात. एक्स्चेंजमध्ये आठ तास बोर्डासमोर बसून, कानाला हेडफोन लावून, एका हाताने बोर्डात जोडणीच्या दोऱ्या खुपसत दुसऱ्या हाताने ते वडे खाल्लेले मला चांगले आठवतात. बेचाळिसाव्या वर्षी अंग सुटतंच, असं मी म्हणायची. सगळ्याच म्हणायच्या.

यांचं वजन उतरलं, प्रेशर उतरलं. डॉक्टर दर वेळी म्हणत, "याचं श्रेय वहिनींना." मी आतून फुगायची.

दाढ

मे महिना होता. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. दुपारी चारलाही धंतोलीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबले. हे वरून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, दाढ." दीड महिन्यापासून माझी डाव्या बाजूची दाढ ठणकत होती.

यांचा ईसीजी झाला. डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरून पाहिली आणि हसून म्हणाले, "मनोहरराव, एकदम उत्तम. पंचविशीतल्या पोराचा शोभेल." हे सदऱ्याची बटणं लावत होते. मी चिठ्ठी काढली आणि जवसाच्या चटणीचं विचारायला तोंड उघडलं. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले.

"वहिनी, तुम्हाला इतका घाम काहून येऊन राहिला?"

"ऊन आहे ना. आणि जिना."

"कूलर तर तुमच्याच तोंडावर आहे."

खरंच होतं. वाळ्याच्या पडद्यातून गार वारा थेट माझ्या अंगावर येत होता आणि माझ्या ब्लाउजची पाठ चिंब झाली होती. डॉक्टरांनी उठून माझं मनगट धरलं.

"कुठे दुखतं का?"

"दाढ दुखते. बाकी काही नाही."

हे म्हणाले, "दातांच्या डॉक्टरकडे चल म्हणून कधीचा सांगून राहिलो मी. ऐकत नाही."

"दाढ कधी दुखते?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरभर चाललं की. पाण्याची बादली उचलली की."

"आणि बसलं की?"

"थांबते."

मी हे इतक्या सहज सांगितलं! दीड महिना मीच ते अंगावर काढत होते आणि चाललं की दुखणारी, बसलं की थांबणारी दाढ कधी कोणाला असते का, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आज बसल्यावर थांबली?"

"नाही. आज थांबली नाही."

त्यांनी मला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. आत्ता जिथून हे उठले होते तिथेच. चादरीला त्यांच्या पाठीची ऊब होती. डॉक्टरांच्या हाताखालच्या बाईंनी मनगटांना आणि पायांना पट्टे बांधले, तो थंड चिकट मलम लावला. ब्लाउजची बटणं काढायला सांगितलं तेव्हा मी, खरं सांगते, मरणाला नाही, लाजेला घाबरले. "राहू द्या ना डॉक्टर, ॲसिडिटी असेल," असं म्हणत मी पदर धरून ठेवला. बाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

मशीन कुरकुरलं. पट्टी बाहेर येऊ लागली. डॉक्टरांनी ती अर्धीच असताना हातात घेतली.

"उठू नका," ते म्हणाले.

मी उठतच नव्हते. ते पुन्हा म्हणाले, "अजिबात उठू नका." मग बाईंना कसली तरी गोळी आणायला सांगितली आणि ती माझ्या जिभेखाली ठेवली. "वहिनी, हा हार्ट अटॅक आहे. आत्ता चालू आहे. आपण इथून थेट हॉस्पिटलमध्ये जायचं."

मी छताकडे पाहत होते. मला ते शब्द कळले, पण ते माझ्याबद्दल आहेत हे कळेना. दोन वर्षं मी ज्या पाहुण्याच्या भीतीने घराची दारं लावत होते, तो माझ्याच पलंगावर येऊन बसला होता.

हे टेबलाजवळ आले. हातात स्वतःची पट्टी होती. ते अगदी शांत आवाजात म्हणाले, "डॉक्टर, कागद बदलले असतील. तो माझा असेल. तुम्ही नीट पाहा."

"मनोहरराव, मशीनमधून आत्ता काढला."

"माझाच असेल. तिला काही नाही. प्रेशर मला आहे."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे तसेच उभे. मग एकदम खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी माझ्याच थर्मासमधून त्यांना पाणी दिलं.

मला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. खालच्या सावलीत झोपलेले दोन सायकलरिक्षावाले उठवून आणले होते, ते आणि कंपाउंडर. हे खुर्चीला हात लावायला आले तर डॉक्टर ओरडले, "तुम्ही नाही! तुम्ही उचलायचं नाही!" त्या रिक्षावाल्यांपैकी एक मला सारखं सांगत होता, "बाई, डोळे मिटू नका बरं. माह्याकडे पाहा." त्याचं नावही मला माहीत नाही.

पेशंट कोण?

हृदयरोगाच्या त्या खोलीत चार खाटा होत्या. बाकी तिन्ही खाटांवर पुरुष. चौथीवर मी. माझ्याभोवती हिरव्या कापडाचा पडदा लावला. डोक्याशी एका पेटीत हिरवी रेघ उड्या मारत पळायची. पहिले काही दिवस मी ती रेघ पाहायची, आणि ती जरा वेडीवाकडी झाली की श्वास धरायची. श्वास धरला की ती आणखी बिघडायची.

नियम असे होते की हसू यावं. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर स्वतःहून वळायचं नाही. हात डोक्याकडे न्यायचा नाही. केस विंचरायचे नाहीत. पाण्याचा पेला उचलायचा नाही. सिस्टर चमच्याने भरवायच्या. ज्या बाईने वीस वर्षं बसून जेवण केलं नव्हतं, तिला झोपून जेवायला लावलं होतं. बेडपॅनबद्दल लिहीत नाही. पहिल्या दिवशी मी रडले ते त्यासाठी, अटॅकसाठी नाही, एवढंच.

सिस्टर डोंगरे सकाळच्या पाळीला असत. जाड भिंगाचा चष्मा, चालताना चपला वाजवायच्या. त्या रोज आठ वाजता मला कुशीवर वळवून माझी वेणी घालून देत. ते त्यांचं काम नव्हतं. "केस नीट असले की माणूस अर्धा बरा होते," म्हणायच्या. त्या पाच मिनिटांत हिरव्या रेघेकडे माझी पाठ असे आणि मी निर्धास्त असे.

भेटीच्या वेळी माणसं पडद्यापाशी येऊन थबकत. यांच्या कारखान्यातले सहकारी आले, यांना धडधाकट उभं पाहून गोंधळले. "अरे, मग पेशंट कोण?" खाटेवर मी दिसल्यावर एकाने सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही काहून झोपल्या इथं?"

शेजारच्या खाटेवर इतवारीतले एक कापडाचे व्यापारी होते. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं, फक्त पडद्यातून आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बहेनजी, तुमचे मिस्टर कोणत्या खाटेवर हायेत?"

"मीच आहे खाटेवर."

पलीकडे त्यांची खाट करकरली. मग म्हणाले, "माझी बायको बाहेर बाकावर बसली आहे. आठ दिवसांपासून. तिले कोणी पाहिलंच नाही." त्यांनी सिस्टरांना हाक मारली आणि म्हणाले, माझ्या बायकोचं पण प्रेशर पाहा. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारते. विचारलंही असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पडद्यापलीकडे धावपळ झाली. पळणाऱ्या चपला, ऑक्सिजनच्या लोखंडी टाकीचा आवाज, कोणीतरी मोजत होतं. मग सगळं थांबलं. मी माझ्या रेघेकडे पाहत राहिले. सिस्टर डोंगरे आल्या, माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडं लक्ष नका देऊ." बाहेरून बाईच्या रडण्याचा आवाज आला. ती बाकावरची बाई. तिचं प्रेशर कोणी पाहिलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आमचे डॉक्टर आले. माझ्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी प्रेशर पाहिलं, पण पट्टा सोडला नाही. तसाच हातात धरून बसले. म्हणाले, "दोन वर्षं तुम्ही माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत होता. हा पट्टा हातभर अंतरावर होता. मी एकदाही तुमच्या हाताला बांधला नाही."  मी म्हटलं, "मीही कुठे हात पुढे केला?"

काळं बोट

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं. पण ते गाळलं तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही.

पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "तंबाखू वगैरे?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छे! आमच्या घरात तंबाखू चालतच नाही. हिनेच माझी सिगरेट सोडवली." मी गप्प राहिले.

चारूच्या वेळच्या बाळंतपणात माझ्या हिरड्या सुजल्या होत्या. सासूबाईंनी तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी मिश्री मला दिली, दात घासायला. तेव्हापासून पंधरा वर्षं मी ती लावत होते. सकाळी, दुपारी, कामावरून आल्यावर. न्हाणीघरात फळीवर, शिकेकाईच्या डब्यामागे एक छोटी डबी. यांना माहीत नव्हतं असं नाही म्हणणार. पण ती दात घासायची वस्तू होती. ती तंबाखू आहे, हे माझ्या मनाने कधी उच्चारलंच नाही. आणि दाढ दुखायला लागल्यापासून तर मी दुप्पट लावत होते. दुखते म्हणून मिश्री. जे दुखत होतं ते हृदय, आणि त्यावर औषध म्हणून मी तंबाखू चोळत होते.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझं डोकं फुटायला लागलं. चिडचिड. चारूवर ओरडले. सासूबाई काटोलकडच्या गावाहून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी डॉक्टरांनाच धारेवर धरलं होतं: "बाईले कुठी अटक येते का गा? तो त माणसाले येते." त्या एकट्या माझ्यापाशी बसल्या असताना मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या कनवटीला चाचपून म्हणाल्या, "थांब. माह्यापाशी हाय. चिमूटभर लाव. त्यानं काय होते?"

मी पहिलं बोट तोंडात घातलं आणि पडदा सरकला. सिस्टर डोंगरे आणि त्यांच्या मागे हे. हातात मोसंबी.

माझं बोट काळं होतं. लपवायला हात उचलायचा, तर हात उचलायची मनाई.

सिस्टरांनी चूळ टाकायला चिलमची आणली, माझं तोंड धुतलं, बोट पुसलं. पण यांचा चेहरा. मी तो चेहरा लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. ओरडले नाहीत. म्हणाले, "माझी पाकिटं तू गटारात फेकली होतीस, निर्मला."

"हो."

"मी दोन वर्षं मळमळत, थरथरत काढली. तुझ्यासाठी. तू म्हणायचीस, माझ्या कुंकवासाठी सोडा."

मी पुसलेलं बोट मुठीत मिटलं.

"आणि डॉक्टरला मी खोटं सांगितलं. तुझ्यासमोर. तू ऐकून राहिली होतीस."

त्यांनी मोसंबी खाटेच्या पायाशी ठेवली आणि निघून गेले. त्या संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाहीत. माझ्या मनात येऊन गेलं की आता रेघ सरळ झाली तरी चालेल. सासूबाई खाली जमिनीवर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "म्याच देल्ली वं तुले. पंधरा वर्साआधी म्याच देल्ली." एवढं बोलून त्यांनी तोंड पदरात घेतलं.

दुपारी हे आले. दाढी वाढलेली. हातात पितळी डबा. त्यांनी स्वतः मुगाची खिचडी केली होती, आयुष्यात पहिल्यांदा. खाली लागलेली, वर कच्ची. चमच्याने भरवता भरवता म्हणाले, "मी डॉक्टरांना जाऊन सांगून आलो. मिश्रीचं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं सांगितलं." चमचा थांबला. "रागावलो नाही मी तुझ्यावर. मी स्वतःवर... त्या न्हाणीघरात मी रोज जातो. ती डबी मी रोज पाहतो. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, यात काय आहे. तू माझ्या ताटातलं मीठ मोजत होती आणि मी..."

त्यांनी डबा खाली ठेवला. मला हात उचलायला मनाई होती, पण मी उचलला. सिस्टर डोंगरेंनी पाहिलं आणि त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

मिश्री सुटली. सोपी सुटली नाही. घरी गेल्यावर दोनदा मी शेजारणीकडे मागायला उंबऱ्यापर्यंत गेले आणि परतले. सासूबाईंनी माझ्यासोबत सोडायची शपथ घेतली, ती चार दिवस टिकली. हेही खरं तेच लिहिते.

एकच वरण

घरी आल्यावर दीड महिना विश्रांती. चारू आणि हे स्वयंपाक करायचे. मी पलंगावरून हुकूम सोडायची आणि दोघंही वैतागायची. एकदा चारू हातातला झारा आपटून म्हणाली, "आई, तुला आम्ही करू दिलं तर तू मरशील आणि आम्ही केलं तर तू बोलून बोलून मारशील!" आणि मग स्वतःच्याच शब्दांनी घाबरून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसणं बंद केलं. पलंग फिरवून घेतला.

आमच्याकडे आता वेगळं वरण होत नाही. एकच, कमी मिठाचं, सगळ्यांना. साय कोणीच खात नाही; पातळ दूध विकत घेतो. संध्याकाळी हे कामावरून आले की आम्ही दोघं चालायला जातो. सुरुवातीला मी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायची. खांबाला हात टेकून उभी राहायची. हे शेजारी उभे राहून वर तारांकडे पाहत राहायचे, मला घाई वाटू नये म्हणून. अंबाझरीच्या पाळीवर पोचायला मला पाच महिने लागले. पोचले त्या दिवशी मी पाण्याकडे पाहिलंच नाही. जबड्यावर हात ठेवून वाट पाहत होते, दुखतं का. दुखलं नाही.

भीती गेली का? नाही. आजही जिना चढताना मी दाढेचा कानोसा घेते.

विमलताई

तीन महिन्यांनी मी कामावर रुजू झाले. सगळ्या जणी भोवती जमल्या. "म्हणजे नेमकं कसं वाटलं?" मी जे वाटलं ते सांगितलं. दाढ, घाम, जिना. त्या ऐकत होत्या, पण मी काहीतरी अघटित सांगते आहे अशा नजरेने. माझ्या बाजूच्या खुर्चीवर आता विमलताई बसत. दुसऱ्या पाळीतून आलेल्या, पन्नाशीच्या, हसऱ्या. त्यांची हकिगत त्यांना विचारून लिहिते आहे. गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या आणि ठणठणीत आहेत.

आठवडाभराने जेवणाच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "निर्मलाबाई, मले बी मान अवघडल्यासारखी होते. सकाळी उठलं की डोकं जड. पण ते हेडफोनमुळं असेल ना?"

मी म्हटलं, "आज सुटल्यावर माझ्याबरोबर चला."

त्या नाही म्हणाल्या. घरी पाहुणे आहेत, लोणचं घालायचं आहे. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं. चौथ्या दिवशी मी त्यांची पिशवी हातात घेऊन चालू पडले. तेव्हा त्या मागून आल्या.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, पाहिलं, सोडला, पुन्हा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. विमलताई त्यांच्याकडे आणि माझ्याकडे पाहत होत्या. तीच नजर. कागद बदलले असतील, अशी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आजपासून पूर्ण विश्रांती सांगितली आणि चार दिवसांनी बोलावलं.

रिक्षात त्या म्हणाल्या, "घरी नका सांगू. काय म्हणतील?"

"मी सांगते," मी म्हटलं.

महाल भागात त्यांचं घर. अंगणात त्यांचे यजमान खुर्चीवर बसून रेडिओ उघडून काही जोडत होते. मोठे दोन मुलगे ओट्यावर पत्ते खेळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आकड्यासकट. आणि माझं काय झालं तेही. परक्या पुरुषांसमोर मी असं कधी बोलले नव्हते.

यजमान हसले. "बायांले कुठी बीपी असते का? थकवा असेल. संध्याकाळी चहा घेतला की उतरते."

"मलाही असंच वाटत होतं," मी म्हटलं. "मला टेबलावरून उठूही दिलं नाही."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. विमलताई आत जाऊन खाटेवर बसल्या होत्या, पंख्याखाली, चपला न काढता. तीस वर्षं संसार केलेला तो माणूस हातातला पेचकस बोटांत फिरवत राहिला. शेवटी तो म्हणाला, "मग आज भाकरीचं कसं?"

मी उत्तर देणार होते. विमलताईंनीच दिलं. खालच्या आवाजात, जणू त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

"आज मी नाही करत."

पत्ते खेळणारे हात थांबले. यजमानांनी पेचकस खाली ठेवला, उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि मागे वळून म्हणाले,

"पीठ कुठी असते आपल्या घरी?"

विमलताईंनी बोट दाखवलं. त्या उठल्या नाहीत.